मास्तरांचा डावा हात

"हा नको घालूस," सासूबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "कोर्टात चाललीयस, लग्नाला नाही. जरा विटकं काहीतरी घाल. बघणाऱ्याला दया आली पाहिजे."

मास्तर आरशासमोर गडद निळ्या ड्रेसची कॉलर सारखी करत होती. "विटकं माझ्याकडे नाहीच, आई. शिवणाऱ्या बाईनं विटकं घातलं तर गिऱ्हाईक उभं राहील का?"

"मग माझं घाल."

"तुमचंही मीच शिवलंय."

सासूबाईंनी स्वतःच्या अंगावर एक नजर टाकली, बाही चाचपली आणि विषय बदलला. "बोलण्यात तुला कोणी हरवायचं नाही. तिथं न्यायाधीशांपुढे तोंड सांभाळ म्हणजे मिळवली."

त्या दिवशी शिक्षा ठरायची होती. गुन्हा शाबीत झालेलाच होता. आता किती वर्षं एवढाच प्रश्न उरला होता. त्याआधी ज्यांनी मार खाल्ला त्यांनी उभं राहून आपलं म्हणणं सांगावं, असा कोर्टाचा निरोप होता. बाकीच्यांचं सांगून झालं होतं. शेवटचा नंबर मास्तरचा.

बाई असून मास्तर कशी, हे नवीन माणसाला दर वेळी सांगावं लागतं. कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. काळे कोट ही त्यांची खासियत. सगळे वकील त्यांना मास्तर म्हणत. वडील गेले आणि थोड्याच दिवसांनी एक वकील सवयीनं आत डोकावले. "मास्तर, बाही लांब झालीय हो." मशिनवर ही बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आणा इकडे." बाही आखूड झाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचा कोट खांद्यावर असा बसायचा, की नुसता वकील उभा राहिला तरी पक्षकाराला वाटावं, निम्मी केस जिंकली.

आणि ज्याच्यामुळे तिला आज त्याच कोर्टात जायचं होतं, त्याला सगळा बाजार शटरवाला म्हणायचा. तो दिवेलागणीला यायचा. दुकानदार आवराआवर करत असला की आत शिरायचा, आतूनच शटर खाली ओढायचा आणि मग जाकिटातून लोखंडी गज काढायचा. गल्ला दिला तरी मारायचा, नाही दिला तरी मारायचा. औषधवाल्याचे पुढचे दात पाडले, चष्मेवाल्याच्या बरगड्या मोडल्या. सगळा बाजार दिवस मावळायच्या आत कुलपं लावू लागला होता.

मास्तरच्या दुकानात तो आला तेव्हा ती इस्त्री करत होती. तिनं शहाण्या माणसासारखा गल्ला उघडून पुढे सरकवला. "घे आणि जा बाबा." तो शटर ओढतच होता. तेवढ्यात बाहेरून शेजारच्या बेकरीवालीचा आवाज आला, "मास्तर, झालं का गं? मी पण बंद करते." मास्तरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथून निघाला की हा हिच्याकडेच शिरणार. शटर जमिनीला टेकायला वीतभर उरलं होतं. तिनं झेप घेऊन उजवा हात त्या फटीतून बाहेर काढला, सरळ रस्त्यावर, आणि जी काही किंकाळी ठोकली, ती म्हणे चौकातल्या पोलिसानं शिट्टी समजून ऐकली.

त्यानं आतून गज त्या हाताच्या कोपराखाली घातला. एकदा नाही. पण हात फटीत अडकलेला, त्यामुळे शटर काही लागलं नाही. बेकरीवालीनं आणि रस्त्यावरच्या माणसांनी ते वर उचललं आणि शटरवाला शटरमागेच सापडला.

डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण मूठ वळणार नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता ऐकायची नाहीत.

"दुसऱ्या कोणाला तरी बसवू मशिनवर," नवरा हळूच म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. शंभर पोरांचा गोंगाट सहन करणारा माणूस, पण बायकोच्या गप्प बसण्यानं त्याचा धीर सुटायचा.

"डावा हात काय शोभेला दिलाय?" मास्तर म्हणाली.

म्हणायला सोपं होतं. कात्रीची पाती उजव्यांच्या हिशेबानं बसवलेली असतात. डाव्या हातात धरली की ती कापत नाही, कापड चघळते. मास्तरनं आधी वर्तमानपत्रं चघळली, मग जुन्या चादरी. सासूबाई म्हणायच्या, "घरात उंदीर झालेत का सून शिकतेय, कळत नाही." शेवटी नवरा कुठून कुठून हिंडून डावखुऱ्यांची कात्री घेऊन आला आणि टेबलावर अशी ठेवली, जशी काही तलवारच जिंकून आणली.

त्या कात्रीनं तिनं पहिला काळा कोट बेतला तो तिच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, पांढऱ्या मिशांच्या वकीलसाहेबांचा. महिनाभर राबली. कोट घातला, साहेबांनी बटण लावायला हात नेला आणि हात तिथंच घुटमळला. डाव्या हाताच्या नादात खडूच्या सगळ्या खुणा आरशातल्यासारख्या उलट पडल्या होत्या. काजं उजवीकडे, बटणं डावीकडे. बायकांचा कोट झाला होता.

"उसवून देते," मास्तरचा चेहरा उतरला.

"अजिबात नको. आमच्या हिला झकास बसेल," म्हणत ते घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आले. "मास्तर, दुसरा शिवा. तो कोट घालून ती घरात जी वकिली करते, माझं एक चालत नाही."

दुसरा कोट बरोबर झाला. तिसरा आधीच्या उजव्या हाताच्या कोटांइतकाच चांगला झाला.

तेच साहेब आज आरोपीच्या बाजूनं उभे राहणार होते. त्याला वकील परवडत नव्हता, कोर्टानं हे नेमून दिले होते. जिन्यात भेट झाली तेव्हा ते जरा अवघडले.

"मास्तर, राग मानू नका. काम आहे."

"राग कसला? तुम्ही तुमचं काम चोख करा. फक्त हात उंच करून बोलू नका, काखेत अस्तर ताणतं."

वर सरकारी वकीलबाई वाटच पाहत होत्या. तरुण पोरगी, धावपळीची, मनानं चांगली. तिनं मास्तरच्या हातात एक कागद दिला. "मी लिहून आणलंय. नुसतं वाचायचं. आणि वाचताना जरा थांबत थांबत."

मास्तरनं वाचलं. "'माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं आहे. मी कोणत्याही कामाची उरलेली नाही. मी कुटुंबावर ओझं आहे.' ही कोण बाई? मी हिला ओळखत नाही."

"असंच म्हणतात हो कोर्टात."

"अगं, पण दुकान उघडं आहे माझं. अर्धं कोर्ट माझे कोट घालून फिरतंय."

वकीलबाईंनी आवाज खाली आणला. "तेच तर. ते साहेब म्हणणार, हिला काही झालेलंच नाही. तुम्ही पण तसंच बोललात तर शिक्षा कमी होईल. तो दोन-तीन वर्षांत बाहेर."

बाकावर बसलेला औषधवाला उठून जवळ आला. नव्या कवळीतून बोलताना त्याचा 'स' अजून निसटायचा. "ताई, तुमच्या पाया पडतो. आज जरा रडा. तुम्ही धरून दिलात त्याला. आता तुमच्याच तोंडानं सुटायला नको. मी अजून दिवसा दुकानाचं अर्धंच दार उघडतो."

त्याचं अर्धं दार मास्तरला रोज दिसायचं. खरं बोलावं तर ह्या माणसाची झोप जाते. खोटं बोलावं तर आपण इतके महिने राबून जे उभं केलं, ते आपल्याच तोंडानं पाडायचं. तिनं कागदाची घडी घातली.

"आई," ती सोबत आलेल्या सासूबाईंना म्हणाली, "काय करू?"

"मला काय विचारतेस? आजवर माझं कधी ऐकलंयस?" सासूबाईंनी तिच्या खांद्यावरचा न दिसणारा दोरा झटकला. "जा. ताठ चाल."

आत शटरवाला पिंजऱ्यात उभा होता. पंचविशीतला पोरगा. गज हातात नसला की इतका साधा दिसत होता, की मास्तरला त्याचाही रागच आला. वकीलसाहेब आधी बोलले. आरोपी तरुण आहे, पश्चात्ताप झालाय वगैरे वगैरे. मग त्यांनी घसा साफ केला.

"या बाईंच्या दुखापतीबद्दल मला सहानुभूतीच आहे. पण त्या आज पूर्वीसारख्याच काम करतात. मी अंगावर घातलेला हा कोट त्यांनी दुखापतीनंतर शिवलेला आहे. नुकसान भरून निघालंय, याचा शिक्षा देताना विचार व्हावा."

सगळ्या कोर्टानं कोटाकडे पाहिलं. सरकारी वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरचं नाव पुकारलं गेलं.

ती उभी राहिली. "मॅडम, मला लिहून दिलं होतं. पण ते मी वाचत नाही. त्यातली बाई मी नाही."

"तुमचं तुम्ही सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"साहेब म्हणाले ते खरं आहे. कोट माझाच. खांदा बघा, कसा बसलाय."

मागे कोणीतरी हसलं. औषधवाल्यानं कपाळाला हात लावला.

"आमच्याकडे माप देताना काही जण पोट आत ओढतात. कोट झाला की बटण लागत नाही. काही जण छाती फुगवतात. कोट झाला की पोत्यासारखा लोंबतो. म्हणून मी दोन्ही करणार नाही, आहे तेवढंच सांगते. माझा हा उजवा हात गेला. तो परत यायचा नाही. डब्याचं झाकण मला उघडत नाही. सासूबाईंच्या पाठीचं बटण लावता येत नाही. दिवेलागणीला कुणी शटर ओढलं की तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी अजून मोठ्यानं गाणं म्हणते, आणि मला गाता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही त्रास. हे झालं ह्यानं केलेलं."

ती दम घ्यायला थांबली. वकीलबाईंनी सांगितलं होतं तसं नव्हे, खरंच थांबली.

"आता डाव्या हाताचं. तो मी शिकवला. वर्तमानपत्रं कापून, कापड नासवून, रडून, चिडून, घरच्यांवर खेकसून. त्यात ह्याचा काडीचा हात नाही. साहेब म्हणतात, नुकसान भरून निघालं. निघालं थोडं, पण भरलं कोणी? मी. मोडलं ते ह्याचं, जोडलं ते माझं. माझी मेहनत ह्याच्या नावावर लावून ह्याला सूट देऊ नका, एवढंच मागणं आहे. मी उभी राहिले म्हणून ह्यानं मला पाडलंच नव्हतं, असं होत नाही. हा औषधवाला, ते चष्मेवाले, त्यांनीही आपापलं दुकान उघडलंय. ते त्यांच्या हिमतीवर उघडलंय. माप मी दिलं, मॅडम. बेतायचं तुम्ही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आरोपीला काही म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं काही नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघावं."

पोरानं मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर घसरून हातावर गेली. मास्तरनं हात लपवला नाही. तसाच कठड्यावर ठेवला. त्याला पुरता बघू दिला.

"बस्स," ती म्हणाली आणि खाली बसली.

मधल्या सुट्टीनंतर निकाल वाचला गेला. बारा वर्षं. कारणं सांगताना न्यायाधीशबाई म्हणाल्या, की पीडित व्यक्ती स्वतःच्या बळावर सावरली, हे तिचं श्रेय आहे. गुन्हेगाराचा गुन्हा त्यानं हलका होत नाही. औषधवाल्यानं आधी हातावर 'बारा' असं बोटानं लिहून बघितलं, मग मास्तरकडे वळून काहीतरी बोलायला गेला, पण त्याची कवळीच हलली. त्यानं तोंडावर रुमाल धरला आणि मान हलवत राहिला.

बाहेर वकीलसाहेब भेटले. "मास्तर, माझ्याच कोटानं मला हरवलं."

"कोट नाही हरला, साहेब. आतला माणूस हरला."

ते इतक्या मोकळेपणी हसले, की जिन्यातले लोक वळून बघू लागले.

खाली फाटकापाशी सासूबाई दिसल्या. त्या कधी पुढे सटकल्या होत्या कोण जाणे. चहाच्या टपरीभोवती चार अनोळखी माणसं जमवून त्यांचा कार्यक्रम रंगात आला होता.

"...आणि मग माझी सून म्हणाली, खबरदार, माझ्या मेहनतीला हात लावाल तर! असं म्हणाल्याबरोबर न्यायाधीश उठून उभ्या राहिल्या."

"आई, त्या बसूनच होत्या," मास्तर मागून म्हणाली.

"तू गप्प गं. तू बोलत होतीस, तुला काय दिसणार? मी समोर बसले होते." आणि श्रोत्यांकडे वळून, "हीच ती. बघा, ड्रेससुद्धा स्वतः शिवलाय. मीच म्हटलं सकाळी, हाच घाल."