माझा उजवा हात बांधू नका

नर्सनं माझा उजवा हात टेबलाच्या बाजूच्या फळीवर ठेवला आणि पट्टा आवळला. मग डावा. मी आडवी. पोट उघडं. वर मोठा दिवा.

सीझरच्या वेळी बऱ्याच बायकांचे हात असे बांधतात, असं मला नंतर सांगितलं गेलं. बांधत असतील. पण त्या बायकांचं तोंड मोकळं राहतं. मी हातांनी बोलते. मी जन्मापासून बहिरी आहे. त्या दिवशी त्यांनी माझं तोंडच बांधलं आणि त्यातल्या एकालाही ते कळलं नाही.

माझं ते पहिलं बाळंतपण. तुकोगंजातलं एक नर्सिंग होम. कळा सुरू झाल्यापासून डॉक्टरबाई आईशीच बोलत होत्या. मी मधे पडलेली, एखादं गाठोडं असावं तशी. मग एकाएकी धावपळ झाली, मला स्ट्रेचरवर घातलं, आत नेलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मला थोडेफार ओठ वाचता येतात, समोरचा सावकाश बोलला तर. आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. नुसते डोळे आणि ते सगळे माझ्या पोटाकडे.

कंबरेखालचं अंग बधिर झालं. पोटात कोणी तरी ओढतंय एवढं कळत होतं. मग पडद्याच्या वर क्षणभर काही तरी दिसलं. निळसर. ते घेऊन दोघीतिघी कोपऱ्यात गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मला एवढंच विचारायचं होतं, जिवंत आहे का? विचारायला हात हवा. मी हात ओढला, पट्टा मनगटात रुतला. पुन्हा ओढला. एका नर्सनं माझं मनगट दाबून धरलं आणि दुसरीकडे बघून काही तरी म्हणाली. दोघींचे खांदे हलले. हसणं समजायला कान लागत नाहीत.

दुसऱ्या बायकांना बाळाचं रडणं ऐकू येतं. मला नाही. त्यामुळे वॉर्डात आईनं ते गाठोडं माझ्यासमोर धरेपर्यंत मी मेलेल्या बाळाची आई होते. मुलगी होती. जिवंत, गुबगुबीत. मी तिला घेतलं आणि आधी तिच्या छातीवर तळवा ठेवला.

हे सगळं नवीन नव्हतं. फक्त टेबल नवीन होतं.

मी लहान असताना बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी आईला दोन गोष्टी सांगितल्या. मुलीशी एकच भाषा बोला, शाळेत-बाजारात चालते ती हिंदी, नाही तर गोंधळेल. आणि हातवारे करू देऊ नका, नाही तर बोलणार नाही. आईनं दोन्ही गोष्टी देवाची आज्ञा मानून पाळल्या. घरात आई, बाबा, दादा मराठीत बोलायचे आणि माझ्याकडे वळले की हिंदीत. जेवताना सगळे हसायचे. मी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसायची. काय झालं विचारलं की आई म्हणायची, "कुछ नहीं बेटा, खाना खाओ." आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य हेच, कुछ नहीं. स्वतःच्या घरात मी पाहुणी होते. बाबांनी मात्र ओळीखाली बोट ठेवून मला मराठी वाचायला शिकवलं, म्हणून आज हे लिहिता येतंय. बाबा आता नाहीत.

बोलायलाही शिकले मी. घशावर हात ठेवून, आरशासमोर बसून, कित्येक वर्षं घासून. मग एकदा राजवाड्याजवळच्या दुकानात मी मोठ्या ऐटीत स्वतः रिबन मागितली. दुकानदारानं माझी नक्कल केली. गल्ल्यावरचा पोऱ्या हसला, गिऱ्हाइकं हसली. आईनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं आणि म्हणाली, "बाहर मत बोला करो." आधी हात बंद केले, मग आवाज. उरलं काय?

हात मला परत मिळाले ते पोलोग्राउंडमधल्या कारखान्यात. पॅकिंगला तिथं माझ्यासारखे बहिरे बरेच जण होते, त्यांच्याकडून मी हातांची भाषा शिकले. माझा नवरा तिथलाच, तोही बहिरा. विशी उलटल्यावर मला पहिल्यांदा कोणी तरी एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. काय झालं, मग काय झालं, का झालं. मी घरी जाऊन रडले. इतकी वर्षं माझ्या वाट्याला गोष्टींची फक्त टरफलं आली होती.

मुलगी झाल्यानंतर दीडेक वर्षानं सरकारचा कार्यक्रम झाला, सांकेतिक भाषा दिवसाचा. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. साहेब आले, खुणेनं नमस्ते शिकले, फोटोपुरतं. आता शाळांत ही भाषा, कार्यालयांत ही भाषा, कोणी मागे राहणार नाही, असं बरंच बोलले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आमच्या भाषेचं नाव सरकार घेतंय, ही काही लहान गोष्ट नव्हती. मंचावर एक दुभाषी ताई होत्या. त्यांचे आईवडील बहिरे, त्यामुळे त्यांचे हात आमच्यासारखेच चालायचे. कार्यक्रमानंतर मी त्यांना टेबलाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात आपली भाषा आहे. दवाखान्यातही दुभाषी मागता येतो, व्हिडिओ कॉलवर मी येईन. पण मागावा लागेल. आपणहून कोणी देणार नाही.

मी पुन्हा गरोदर राहिले. आईनं त्याच नर्सिंग होमचा हट्ट धरला, घराजवळ म्हणून. तिथं आता भिंतीवर सांकेतिक भाषेचं पोस्टर लागलं होतं. हातांची रंगीत चित्रं. नमस्ते, धन्यवाद, स्वागत. दुखतंय नव्हतं. थांबा नव्हतं. या वेळीही सीझरच ठरलं होतं. मी डॉक्टरबाईंना लिहून दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी मला दुभाषी हवी, फोनवर चालेल. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि माझ्या गालावर थोपटलं. मी तिशी ओलांडलेली बाई आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नवऱ्याला औषधं आणायला पाठवलं. डॉक्टरबाई आल्या. माझ्याकडे पाठ करून आईशी बोलायला लागल्या. मला फक्त आईचा चेहरा दिसत होता आणि बाईंचा उजवा हात. त्या हाताची दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली. कात्री. मग तीच बोटं माझ्या पोटाकडे. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि होकार दिला.

ऐकू येणाऱ्यांचे हात बोलताना आपोआप हलतात. आमच्यासमोर ते तोंड फिरवतात, हात मात्र उघडे सोडतात. त्यांना वाटतं आम्ही बहिऱ्या म्हणजे आंधळ्याही.

मी आईला विचारलं, काय कापणार? ती म्हणाली, "कुछ नहीं बेटा."

मला कळलं. माझी मुलगीही बहिरी आहे. तिचं निदान झालं तेव्हापासून आई येताजाता म्हणायची की आता बस. पोट फाडणारच आहेत, तर लगे हाथ नसबंदीही. माझी. मला न सांगता.

स्ट्रेचर हलला. छतावरचे दिवे एकामागून एक जात होते. नवरा कुठे होता मला ठाऊक नव्हतं. पुन्हा तीच खोली, तेच डोळे. मला टेबलावर बसवलं. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देतात, त्यासाठी पाठ वाकवून, हनुवटी छातीला लावून बसावं लागतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझी मान खाली दाबली. मी वाकले. थंडगार कापूस पाठीवर फिरला.

आणि मला बाजूच्या दोन फळ्या दिसल्या, पट्टे लटकत असलेल्या. आता सुई जाईल, मग हे हात जातील, मग काहीही करतील आणि मी नुसती वर दिव्याकडे बघत राहीन. मी ताठ झाले.

त्यांनी पुन्हा मान दाबली. मी पुन्हा ताठ झाले. नर्सनं खांदे धरले. मग मी ओरडले. राजवाड्याच्या त्या दुकानानंतर परक्या माणसांसमोर पहिल्यांदा. नहीं, एवढंच. कसा आवाज आला मला ठाऊक नाही, पण नर्सचे हात सुटले त्यावरून मोठा असणार. मी दोन बोटांची कात्री केली, माझ्या पोटाकडे नेली आणि हात आडवा फिरवला. नाही.

डॉक्टरबाईंनी मास्क खाली ओढला. चेहरा लाल झाला होता. म्हणाल्या, "बच्चे को कुछ हुआ तो ज़िम्मेदार तुम।" मला समजावं म्हणून सावकाश म्हणाल्या. मला समजवायचं असलं की सावकाश बोलता येत होतं तर.

खरंच काही झालं तर? आत बाळ हलत होतं. मी हट्ट करतेय आणि ते आत गुदमरतंय, असं मला वाटायला लागलं. एक क्षण मी मान खाली घातलीही होती. पण मग मला आठवलं की सकाळपासून सगळं निवांत चाललं होतं, बाई चहा पिऊन आल्या होत्या. घाई बाळाला नव्हती. घाई त्यांना होती. मी बसून राहिले. रडत, पण सरळ.

खोलीच्या दाराला गोल काच होती. त्या काचेत नवऱ्याचा चेहरा आला. औषधं घेऊन आला असणार, आईला रडताना पाहून धावला असणार. बाहेर कोणी तरी त्याला मागे खेचत होतं. बंद दाराच्या काचेतून ऐकणाऱ्यांना बोलता येत नाही. आम्हाला येतं. मी हात वर केले आणि सांगितलं, ताईंना फोन लाव, हे माझं काही तरी कापणार आहेत, मला विचारलेलं नाही.

फोन आत यायला वेळ लागला. आधी नाही म्हणाले. मग ताईंनी बाहेरच्या नर्सला काय सांगितलं कोण जाणे, फोन आला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सलाइनच्या दांडीला बांधला. पडद्यावर ताई. मी विचारलं, "माझं काय कापणार आहात?"

ताईंचं तोंड हललं. डॉक्टरबाईंनी नर्सकडे पाहिलं. ताईंनी पुन्हा विचारलं असावं. मग डॉक्टरबाई बोलल्या आणि ताईंच्या हातांवर वाक्य आलं: घरच्यांनी सांगितलंय, नसबंदी करायची, तुला सांभाळणं जमणार नाही म्हणून.

मला विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. दोन मुलं पुष्कळ झाली, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण मला विचारलं नाही. गाय व्यायली की पुढचं मालकाला विचारतात, गायीला नाही.

मी सांगितलं, फक्त बाळ काढा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. काय करताय ते आधी मला सांगा. सलाइनची सुई डाव्या हातात आहे, तो बांधा. माझा उजवा हात बांधू नका.

बाईंनी हात झटकले, पण होकारार्थी मान हलवली. मग मी वाकले. ऑपरेशनभर माझा उजवा हात मोकळा होता. पडद्यामागे काही तरी उचललं गेलं. मी विचारलं. ताई म्हणाल्या, मुलगा आहे, जोरात रडतोय.

दोन दिवसांनी त्याचे कान तपासले. ऐकू येतं. आईनं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. मुलीच्या वेळी वाटले नव्हते. माझी मुलगी पेढा हातात धरून उभी होती आणि हा कशाचा, असं मला विचारत होती. मी तिला खरं सांगितलं. पेढा मी खाल्ला नाही.

आई माझ्या पलंगाशी बसून रडली. म्हणाली, "तुझ्याचसाठी केलं ना गं. माझ्या मागे कौन देखेगा तुझको?" ती पहिल्यांदा माझ्याशी अर्धं का होईना मराठीत बोलली. ती खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. मला तिची दया आली आणि रागही आला. राग जास्त. मी तिला कागदावर मराठीत लिहून दिलं, की माझ्या अंगाला आणि माझ्या मुलांच्या अंगाला आम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि विचारायचं असेल तर हातांनी विचारायचं. शिकायचं असेल तर मी शिकवते. तिनं कागद घडी करून ठेवला. अजून शिकायला आलेली नाही.

त्या नर्सिंग होमनं माझ्या नवऱ्याला सांगितलंय, पुढच्या वेळी दुसरीकडे जा, इथं तमाशा नको. पोस्टर अजून तिथंच आहे.

आमच्या कारखान्यातल्या एका मुलीचे दिवस आता भरत आलेत. बहिरी. पहिलटकरीण. तिचंही नाव त्याच ठिकाणी घातलंय. तिच्या सासूनं मला निरोप पाठवला, की त्या दिवशी तू येऊ नकोस, डॉक्टर चिडतात. ती मुलगी काल पॅकिंगच्या टेबलावर माझ्या शेजारी उभी होती. तिनं मला विचारलं, आत काय करतात? मी तिला सगळं सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं विचारलं, तू येशील?

मला त्या दाराची भीती वाटते. स्ट्रेचर दिसला तरी माझ्या अंगावर काटा येतो. डॉक्टरबाई मला ओळखतील, हाकलतील, पोलिसांना बोलावतील. मी जाणार आहे. फोन चार्ज करून, ताईंना आधी सांगून. तिला विचारल्याशिवाय तिच्या पोटावर सुरी ठेवू देणार नाही.