खंडेनवमीचं काडतूस

झूटरमेर या डच शहरात मुलाच्या घरामागे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे एक डच म्हातारा राहतो. वयाने माझ्या बरोबरीचा. मागच्या शेडमध्ये त्याचं काडतुसं भरायचं यंत्र आहे. नेमबाजीच्या क्लबात मारायची काडतुसं तो स्वतः भरतो. सरकारी परवाना आहे त्याच्याकडे. माझा मुलगा दर शनिवारी त्याच्या शेजारी बसून ते बघायचा. आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवारी तो म्हातारा. बापाला काय, जेवताना समोर बसला की झालं.

मला ते लागायचं. का लागू नये? चौथीत शाळा सुटली, पण बंदूक भरायला मी कुणापुढे हात जोडले नाहीत. आमच्या कोकणात ठासणीची बंदूक. नळीत दारू, काथ्या, छर्रे, आणि गजाने ठासायचं. गज टणकन वर उडाला की समजावं, नीट बसली. रानडुकरांपासून भात राखायला जाता-येता जिवाला आधार तिचाच. दुसऱ्याने भरलेली मी कधी खांद्याला लावली नाही. आणि हाच मुलगा कॉलेजात गेल्यावर म्हणाला होता, "बाबा, विकून टाका ती. माझे मित्र हसतात." एकदा म्हणून त्याने गजाला हात लावला नाही.

एका शनिवारी तो मलाही शेडमध्ये घेऊन गेला. मी म्हटलं, "विचार त्याला, बाहेर पडताना यातली जवळ ठेवतो का? जिवासाठी?"

म्हातारा हसला. मुलाने मला सांगितलं, "बाबा, इथे जवळ बाळगायचीच नाहीत. घरातून क्लब, क्लबातून घर, तेही पेटीला कुलूप लावून."

"आणि परवानगी असती तर?"

"तर कंपनीची घेतली असती म्हणतो. हातची भरलेली कागदी निशाणावर मारायला ठीक. जीव अडकला असेल तिथे कंपनीचीच."

"म्हणजे स्वतःच्या हातावर भरवसा नाही! सांग त्याला."

"तसं नाही बाबा. तो विचार करून बोलतो."

"मी काय बिनडोक बोलत होतो जन्मभर?"

हे काही मुलाने म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तो यंत्रापाशी बसला. म्हाताऱ्याने शेजारी उभं राहून त्याच्याकडून पहिल्यांदाच एक काडतूस भरून घेतलं, उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "खूत," म्हणाला. चांगलं. एवढी डच मलाही कळते. मुलाचा चेहरा असा फुलला, की मी तिकडे बघायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या घरात त्या दिवशी लॅपटॉपला नि सायकलला कुंकू लागतं. आमच्या घरी देवापुढे बंदूक उभी असायची, झेंडूची माळ घालून. माझ्या मुलाने आपल्या हाताने भरलेलं पहिलं काडतूस, ते त्या म्हाताऱ्याच्या खोक्यात राहणार आणि आमच्या देवाला लॅपटॉप? दोघं यंत्रावर वाकलेले होते. मी ते उचललं आणि कोटाच्या खिशात टाकलं. माझ्या मुलाची वस्तू त्याच्याकडे मागायची कशाला? पूजा झाली की परत नेऊन ठेवणार होतो.

सकाळी मुलगा आंघोळ करून आला आणि देव्हाऱ्यापुढे थबकला.

"बाबा, हे कुठून आणलंत?"

"तुझंच आहे. हात जोड."

"अहो, परवाना नसताना एकसुद्धा घरात ठेवायचं नसतं! त्याचा परवाना जाईल. मी माझा अर्ज केलाय, तो तर संपलाच!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात म्हातारा. खोक्यातलं एक भोक रिकामं दिसल्यापासून सगळी शेड पालथी घालून आला होता. मुलाने कुंकू लागलेलं काडतूस त्याच्या हातावर ठेवलं. त्याने काहीतरी विचारलं, तर मुलाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मी मागून ओरडलो, "मी घेतलं! मी घेतलं म्हणून सांग!"

"बाबा, तुम्ही आत जा."

म्हातारा चिडला नाही. हळू आवाजात बराच वेळ बोलला. आणि माझा चाळिशीचा मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. मी त्याला लहानपणापासून रागावत आलो. तो भिंतीकडे बघायचा, नाही तर उलट बोलायचा. माझ्यापुढे त्याने अशी मान कधी खाली घातली नाही. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या यंत्राचा नाही, त्याच्या रागावण्याचा हेवा वाटला.

दार लावून मुलगा आत आला. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"कुणाला कळवणार नाही म्हणाला. पण यापुढे येऊ नकोस."

"मग माझ्यावर ओरड की. ओरड!"

"तुमच्यावर काय ओरडायचं, बाबा," म्हणाला आणि जिना चढून गेला.

पूजा अर्धीच राहिली होती. सूनबाई "राहू द्या" म्हणत होती. मी नारळ घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि फरशीवर असा आपटला, की कुंपणापलीकडे ऐकू जावा.