शेवटचा भात कशाशी?

"बदाम, अक्रोड, ब्लूबेरी. अजून काय देऊ, मॅडम?"

रघुनाथ रावांनी माझ्या टेबलावर पिशवीच रिकामी केली. ब्लूबेरी चेन्नईहून आणलेल्या. शेजारी त्यांच्या आई बसल्या होत्या, अंबुजा मामी. आमच्याकडे वयाने मोठ्या बायकांना मामीच म्हणतात.

मी तंजावूरच्या एका खासगी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. मामी जवळच तिरुवैयारुला एकट्या राहायच्या, घरी मुलांना गाणं शिकवायच्या. अलीकडे विसरायला लागल्या होत्या. रोजच्या वाटेवर चुकायच्या, शिकवताना पुढची ओळ हरवायची. डिमेन्शियाच, असं मुलाने ठरवूनही टाकलं होतं. कोइमतूरला वृद्धाश्रम बघून झाला होता. पुढच्या महिन्यात मामींच्या घराला कुलूप लागणार होतं. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय सांगितला आणि तोवर आहार बघायला माझ्याकडे पाठवलं.

"चांगल्या आहाराने पुढचा धोका कमी होऊ शकतो," मी म्हटलं. "पण मूठभर अक्रोडांनी गेलेली आठवण परत येत नाही. आधी त्या जेवतात काय, ते बघू."

"साधंच. सांबार, रसम, दहीभात." उत्तर मुलानेच दिलं. केस पेपरवरही 'दही रोज' असंच लिहिलेलं.

काय खाता, असं विचारलं की लोक घरात काय शिजतं ते सांगतात. म्हणून मी ताटाचा क्रम विचारते. मी मामींकडे वळून आमच्या तंजावरी मराठीत विचारलं, "मामी, शेवटचा भात कशाशी जेवतां?"

मराठी ऐकून त्या जरा सैलावल्या. "रसमाशी."

आमच्या कावेरीकाठी शेवटचा भात दह्याचा नसेल, तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही.

"दही कां नको?"

"काशींत सोडलें. दूध, दही, ताक, समस्त. यांच्या अस्थी घेऊन गेलों होतों तेव्हां."

"कॉफी?"

"नुसतें डिकॉक्शन, बिनदुधाचें."

काशीला जाऊन एखादा पदार्थ कायमचा सोडायची रीत आमच्याकडे घरोघर आहे. शहाणे लोक कारलं सोडून येतात. रघुनाथ राव आईकडे वळले. "अम्मा, मला वाटलें तूंही कारलेंच सोडलेंस."

"आवडतें तेंच सोडायचें ना रे," मामी म्हणाल्या.

मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. लाल आणि गुळगुळीत होती. पायांना मुंग्याही येतात, म्हणाल्या. दोन्ही बी-ट्वेल्व्ह कमी झाल्याच्या खुणा. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. बी-ट्वेल्व्ह हे मेंदूला आणि नसांना लागणारं जीवनसत्त्व. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूधदुभत्यातून मिळतं. ते फार कमी झालं की माणूस डिमेन्शिया झाल्यासारखा वागू शकतो. त्यातून मामींना डायबेटिस. शुगरच्या त्यांच्या गोळीनेही ते अंगात कमी शोषलं जातं.

"दही रोज आहे म्हणून ती टेस्ट मी पुढच्या फेरीला ठेवली होती," डॉक्टर म्हणाले. "आजच पाठवतो."

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच.

"अम्माने आता दूध घ्यायला हवं," रघुनाथ राव म्हणाले.

मामींनी मान हलवली. नवऱ्यासाठी सोडलेलं त्या परत तोंडाला लावणार नव्हत्या, आणि मलाही ते मागायचं नव्हतं. मी इंजेक्शनचं सांगितलं.

"त्यांत दूध असतें?"

"नाही, मामी."

"मग टोचा."

डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं की सगळं परत येईलच असं नाही. रघुनाथ रावांनी वृद्धाश्रमाला थांबायला सांगितलं. मी मात्र दर फेरीला मामींना एकच प्रश्न विचारायचे, आज काय शिकवलंत?

काही महिन्यांनी मामी माझ्या केबिनच्या दारात उभ्या. तिरुवैयारुहून टाऊन बसने, एकट्या. मुलाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. बसल्या आणि काल मुलांना शिकवलेलं गाणं न अडखळता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाल्या. बाहेरचे पेशंट खोळंबले होते, खोळंबू दिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

वृद्धाश्रमाची जागा दुसऱ्या कुणाला गेली. ब्लूबेरी आमच्या स्टाफने खाल्ल्या. नव्या डाएटिशियन मुलींना मी आता पहिल्याच दिवशी सांगते: पेशंट काय खातो ते विचारा, पण त्याआधी त्याने काय सोडलंय ते विचारा.