बोर्डाला लावलेला कान

कान लावल्याशिवाय काकाजींना जगातली कोणतीच वस्तू पटायची नाही. टरबूज असो, विहिरीवरची मोटर असो की जावयाची नवी मोटरसायकल, आधी डोळे मिटायचे, कान टेकवायचा आणि एक हात वर करून बाकीच्यांना गप्प करायचं. मध्येच कुणी तोंड उघडलं तर उत्तर ठरलेलं असायचं.

"थांब ना बे, आयकून राहिलो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आमचा हा बोदलकसा तलावाच्या काठच्या गावातला. मी तेव्हा तलावावर बोटिंगचं काम पाहायचो. काकाजींनी सारी हयात बस चालवण्यात घालवली होती. नोकरीच्या शेवटी शेवटी शेतातल्या धानाच्या बांधीत घसरून गुडघा गेला, क्लच दाबता येईना, म्हणून ते घरी बसले. घरी बसले हे आपलं म्हणायचं. रोज सकाळी काठी टेकत माझ्या शेडमध्ये हजर, आणि येताना दोन-चार लोकांच्या गाड्यांत काय बिघाड आहे ते न विचारता सांगून आलेले.

आमच्याकडे एक फायबरचा पॅडल बोर्ड होता. दारापेक्षा लांब, आतून पोकळ. त्यावर उभं राहून एका वल्ह्याने जायचं. काकाजी मात्र त्यावर पाय पसरून बसायचे आणि वल्हं मारत असे सुटायचे की बघणारा बघतच राहायचा. जमिनीवर त्यांना दहा पावलं जड जायची. पाण्यात त्यांच्या लंगडण्याचा पत्ताही लागत नसे. त्यांना ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, पण आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एका पाहुण्याने हा बोर्ड पाण्याखालच्या खोडावर चढवला. तेव्हापासून तो पाणी प्यायला लागला. थोडं अंतर गेलं की मागून बसायचा आणि हलवला की आत डबडब वाजायचं. बोटिंगचे मालक म्हणाले, दिवाळी झाली की भंगारात टाका.

मी ते काकाजींना सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. मग म्हणाले, "भाऊबीजेले मले पल्याड जाचं हाये."

पल्याडच्या काठावर त्यांची मोठी बहीण राहायची. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या दारी जायचं ही आपली रीत. पण गुडघा गेल्यापासून सगळं उलटं झालं होतं. ती म्हातारी बिचारी तलावाला वळसा घालून, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून यांच्याकडे यायची. मी म्हटलं, काकाजी, मोटरसायकलवर सोडतो की.

"मांगं बसून? ज्यानं साऱ्या तालुक्यातले लोकं नेले-आनले, तो पोत्यावानी मांगं बसून जाईल काय?"

पायाने पायडल मारायच्या बोटीला गुडघे लागतात. मोटरबोट दुसऱ्याने चालवायची, म्हणजे पुन्हा पोतंच. उरला हा पाणी पिणारा बोर्ड.

पहिली दुरुस्ती मी केली. टोकाशी चीर दिसत होती, ती पुट्टीने बुजवली आणि मोठ्या ऐटीत बोर्ड पाण्यात सोडला. फेरी मारून आणला तर आत पुन्हा डबडब. काकाजींनी कान लावला. पाणी ऐकू येत होतं, पण ते शिरतं कुठून हे काही केल्या कळेना. इकडे कान, तिकडे कान, पालथा करून कान. एवढा नामांकित कान, आणि त्याला काहीच सांगता येईना. त्या दिवशी ते कुणाच्या गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्ड बैलगाडीत टाकून घरी नेला. धान वाळवायचं म्हणून काकूंनी अंगणातलं खळं नुकतंच शेणाने सारवलं होतं. त्यावर ही लांबलचक निळी वस्तू येऊन पडली. काकू म्हणाल्या, "आता याले कांडून भात शिजवता का?" काकाजींनी ऐकलंच नाही. बोर्डावर हवेचा एक स्क्रू असतो, तो उघडून त्यांनी आतलं सगळं पाणी ओतून काढलं आणि बोर्ड धानासारखा वाळवायला घातला. मधूनमधून येऊन उलटायचे, पालटायचे. संध्याकाळी, दव पडून ओल धरू नये म्हणून धान झाकतात, तसा बोर्डही ताडपत्रीने झाकला आणि आत दव जाऊ नये म्हणून तो स्क्रू गच्च आवळून ठेवला.

सकाळी ताडपत्री काढली. स्क्रू मात्र उघडायचा राहिला.

दुपारी मी गेलो तर ऊन चांगलंच तापलं होतं आणि बोर्डाचं पोट फुगलेलं. मी घाबरलो. आतली हवा तापून फुगली होती, तिला बाहेर जायला वाट नव्हती. आता तडकतो की काय म्हणून मी स्क्रूकडे धावलो, तर काकाजींचा हात वर.

"थांब ना बे."

ते खळ्यावर आडवे झाले. तापलेल्या फायबरला कान टेकवता येईना, म्हणून केसभर वर धरून टोकापासून सरकत सरकत मागे गेले. बोर्डाच्या तळाला माशाच्या परासारखा एक छोटा पर असतो, तो बोर्डाला सरळ चालवतो. त्याच्या बुडाशी येऊन थांबले. डोळे मिटलेले. मग हळूच म्हणाले, "बोलून राहिला ना हा."

मीही कान लावला. बारीक, अगदी बारीक सूऽऽ असा आवाज. हवा बाहेर पडत होती. काकाजी ओरडले नाहीत, पण काकूंच्या हातची साबणाची वडी त्यांनी अक्षरशः हिसकावून घेतली. फेस करून बोर्डाला फासला, आणि पराच्या बुडाशी एकामागून एक बुडबुडे यायला लागले. एक बुडबुडा माझ्या पुट्टीच्या काठालाही आला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू उघडण्याच्या कामात मग्न झालो.

"थंड्या पान्यात गेला का हाच श्वास आत घेते," काकाजी म्हणाले, "अन् हवेसंगं पानी ओढते. आपून उगाच टोकाले धरून बसलो."

पुढचं काम सरळ होतं. हायवेवरच्या कोहमारा गावच्या चौकात ट्रकच्या केबिन दुरुस्त करणारा त्यांचा जुना दोस्त होता. त्याच्याकडून मी फायबरचं कापड आणि ते चिकटवायचं रेझिन आणलं. काकाजींनी दोन्ही जागा घासल्या, कापड चिकटवलं, वाळू दिलं, पुन्हा घासलं. मग सकाळी गारठ्यात स्क्रू आवळून, फेस फासून आम्ही मुद्दाम उन्हाची वाट पाहत बसलो. ऊन चढलं. फेस वाळला, पुन्हा लावला. एकही बुडबुडा आला नाही. काकूंनी न मागता चहा आणला.

भाऊबीजेच्या सकाळी काकाजी आले ते बस चालवायच्या खाकी कपड्यांत. पिशवीत बहिणीसाठी लुगडं. माझ्या हट्टाखातर वरून लाईफ जॅकेट चढवलं. मी काठावर उभा राहून फक्त बोर्डाची मागची बाजू पाहत होतो. ती बसली नाही. अर्ध्या तलावापर्यंत नाही, पल्याडपर्यंत नाही. खाकी ठिपका काठाला लागला तेव्हा माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. बोर्ड परत येताना दिसला आणि त्यावर दोन माणसं. पुढे ती म्हातारी, नवं लुगडं नेसलेली, लाईफ जॅकेट घातलेली, दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसलेली. मागे काकाजी, जॅकेटशिवाय. काठावर गर्दी जमली. मी रागावणारच होतो.

"एकट्यानं येनं म्हंजे रिकामी गाडी आननं," काकाजी म्हणाले. "प्याशिंजर आनला."

म्हातारी उतरली आणि मला म्हणाली, "चालवते चांगला. लय बोलते पन." काकाजींनी मान वर करून सगळ्यांकडे अशी नजर टाकली की जणू भरलेली बस वेळेवर डेपोत आणून लावली आहे.

त्यानंतर ते होते तोवर प्रत्येक भाऊबीजेला ती फेरी झाली. जाताना एकटे, येताना बहिणीला घेऊन.

काकाजी आता नाहीत. बोर्ड आहे. रोज सकाळी तो पाण्यात सोडण्याआधी मी स्क्रू आवळतो, थोडा वेळ उन्हात ठेवतो आणि पराच्या बुडाशी कान लावतो. पाहुणे घाई करतात. मी हात वर करतो.

आतून काहीच ऐकू येत नाही. म्हणजे काम पक्कं आहे.