महासत्तांच्या मधल्या सुट्टीत

ऐंशीच्या दशकात मी वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकमध्ये नोकरीला होतो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, की मी गंभीर चेहऱ्याने ‘अमेरिका-रशिया संबंध बघतो’ असं सांगायचो. खरं तर मी झेरॉक्स बघायचो आणि तळटीपांमधले पानांचे आकडे तपासायचो. पुण्यात माझे वडील, निवृत्त मास्तर, माझं छापील नाव बघायला आसुसले होते. पुढच्या अहवालात नाव घालू, असं आमच्या संचालकांनी कबूल केलं, तसं मी त्याच दिवशी घरी पत्र टाकलं. दम कुठला निघायला!

अहवाल होता दोन्ही देशांच्या तज्ज्ञांच्या खासगी बैठकीचा. सरकारांना एकमेकांशी उघड बोलता येत नाही ते अशा ठिकाणी बोलून बघायचं, ही त्यामागची कल्पना. चहा-कॉफीची व्यवस्था माझ्याकडे होती. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणून मी घरच्या चकल्यांचा डबा उचलला.

“अरे, ते मिसाइल्स डिस्कस करणार, तू चकल्या काय नेतोस!” बायको म्हणाली. मी ऐकतोय कसला.

दोन दिवस मंडळी लिहून आणलेली भाषणं वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत मात्र आमच्या बाजूचे एक निवृत्त जनरल आणि मॉस्कोहून आलेले एक प्राध्यापक आपणहून खिडकीपाशी गेले आणि हळू आवाजात बोलू लागले. त्याचं महत्त्व खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मला एवढंच दिसलं, की दोघांच्या हातात खायला काही नाही.

मी डबा घेऊन मध्ये घुसलो. ते नको म्हणाले. आपल्याकडे पहिलं ‘नको’ कुणी मनावर घेतं का? एकेक घ्यायला लावली, मग दुसरी. जनरलनी सभ्यपणे विचारलं, हे कशाचं असतं? झालं. मी भाजणी सांगायला घेतली: तांदूळ किती, डाळी कुठल्या, मंद आचेवरच का भाजायचं. तेवढ्यात घंटा वाजली आणि दोघं जागेवर जाऊन पुन्हा कागद वाचू लागले.

संचालक ओरडले नाहीत. “या दहा मिनिटांसाठी आपण वर्षभर खटपट केली होती,” एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवालात माझं नाव आलं नाही. वडिलांना प्रत पाठवणं तर भाग होतं. त्यांचं पत्र आलं: ‘दोनदा वाचला. तुझं नाव सापडलं नाही. तुझं काम कुठल्या पानावर आहे?’

खोटं लिहायला हात धजेना. शेवटच्या पानावर एक नवी शिफारस होती, की मधल्या सुट्टीत सदस्यांना एकांत मिळावा, इतर कुणीही त्यांच्याजवळ जाऊ नये. एवढी एक शिफारस माझ्यामुळे आली, असं मी कळवलं.

उलट टपाली उत्तर आलं: ‘फार विचारपूर्वक केली आहेस. शेजारच्या काकांनाही वाचून दाखवली.’