खोटी सभा

आमची बायकांची दूध सोसायटी निघाली ती दुष्काळातच. कागदावर चेअरमन मी, कारभार दिरांचा. माझं काम सही करायचं आणि त्यांच्या पाहुण्यांना चहा पाजायचा.

बीडहून एक ताई आम्हाला शिकवायला यायच्या. फळा नाही, खडू नाही. त्या म्हणाल्या, आपण खोटी सभा खेळू. मी सासऱ्यांची टोपी चढवायची, तांब्यावर चमचा वाजवायचा आणि घसा खाकरून विचारायचं, "ठरावाला सूचक कोण? अनुमोदन कुणाचं?" की बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. नातवंडं झालेल्या बायका, पण पोरींसारख्या खेळायच्या. एकीने तर दिरांची नक्कल करत अख्खी सभा घोरण्यात काढली. त्या खेळातच मी मान वर करून बोलायला शिकले. लग्नानंतर माझा आवाज मला पहिल्यांदा तिथे ऐकू आला.

पुढे सोसायटीच्या नावाने वैरणीचा ट्रक मंजूर झाला. तोवर कुणाच्याच गोठ्यात पाचटसुद्धा उरलं नव्हतं. शेजारणीची एकुलती गाय बसली होती, ती उठतच नव्हती. दिरांनी सभा बोलावली, खरी सभा. खुर्चीत ते, पुढे सभासद नसलेले पुरुष, मागे आम्ही. सगळी वैरण स्वतःच्याच चारा छावणीत उतरवायचा ठराव त्यांनी वाचला आणि म्हणाले, "वहिनी, सही करा."

मी उभी राहिले. "भाऊजी, ठरावाला सूचक कोण? अनुमोदन कुणाचं?"

बायका हसल्या. सवयीने, अगदी खदखदून. मग पुरुष हसले.

"वहिनी, खेळ पुरे करा आता," दीर म्हणाले. त्या हशातच ठराव मंजूर झाला. माझ्या सहीवाचून काही अडलं नाही.

दिरांचा मला फारसा राग आला नाही, त्यांच्याकडून दुसरं काय होणार होतं? राग आला तो हसणाऱ्यांचा. तो अजून आहे. खरं बोलायला खेळात शिकले, आणि खरं बोलले तर तेही खेळच ठरलं.

बाहेर पडताना शेजारणीने माझा दंड धरला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लई भारी केलंस बाई! आज टोपी न्हाई घातली, तरी हुबेहूब जमलं."

तशीच हसत ती घरी गेली. गाय त्याच आठवड्यात मेली.