रीतसर सूड

आक्कानं आयुष्यात कोणाला माफ केल्याचं मी पाहिलं नाही. माफ करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांच्यामुळे कोणाचं भलं झाल्याचं आठवत नाही. आक्कामुळे झालं. एका कंडक्टरनं एकदा सुक्या बोंबलांच्या पिशवीवरून तिला मधेच खांब गावाला उतरवलं होतं. पुढे त्या कंडक्टरचे केस पिकले, त्याला चष्मा लागला, तो तिला ओळखेनासा झाला. तरी त्याची गाडी आली की आक्का स्टँडवर उभीच राहायची आणि मागची गाडी पकडायची. मी म्हटलं, "अहो आक्का, तो कधीच विसरला." ती म्हणाली, "त्यानं इसरावं. मी मिठागरातली हाय. मीठ लावलेला राग नासत नाय."

आमची ओळख पेणच्या न्यायालयातली. पेण आणि रोह्याची मिळून विधी स्वयंसेवकांची एक तुकडी घ्यायची होती, त्या निवडीला आम्ही आलो होतो, मी पेणमधून, आक्का रोह्याकडून. विधी स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हे. कोर्टाच्या पायरीला घाबरणाऱ्या माणसाला वाट दाखवायची, अर्ज लिहून द्यायचा, फुकट वकील कुठे मिळतो ते सांगायचं. फी घ्यायची नाही, काळा कोट घालायचा नाही, युक्तिवाद करायचा नाही. न्यायाधीश साहेब प्रत्येकाला एकच विचारत होते, हे काम का करायचंय? सगळ्यांनी "समाजसेवा" सांगितलं. मीही तेच सांगितलं. माझं खरं कारण दुसरं लग्न करून पनवेलला राहत होतं.

आक्काची पाळी आली. ती म्हणाली, "मना भावाचा सूड घ्यायचाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कायद्यानं?"

"कायद्यानंच. कोयता होता की घरात. त्यासाठी इथं कशाला आले असते?"

साहेबांनी तिला घेतलं. घेताना बजावलं, की स्वतःच्या नात्यातलं प्रकरण स्वयंसेवकानं स्वतः हाताळायचं नसतं. आक्कानं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुझंबी सूडच हाय ना गो? चेहऱ्यावर दिसतंय." तिथपासून आमचं जमलं.

खरं तर ती आदल्या वर्षीच आली होती. तेव्हा दारावरच्या शिपायानं सांगितलं, मावशी, दहावी पास लागतं. आक्काला नववीतून काढून मिठागरावर लावलेलं. दहावीचा निकाल मोठ्या भावाच्या वाट्याचा होता, आणि तो दोनदा नापास झाला. आक्कानं शिपायाशी वाद घातला नाही. वरश्याला, म्हणजे सासरी, परत गेली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसली. सून बीजगणित शिकवायची, ही भाकऱ्या थापता थापता ऐकायची. पास झाल्यावर पहिला पेढा तिनं भावाला पाठवला. "त्याला गोड लागू नये म्हनून," ती म्हणाली.

भावानं काय केलं होतं ते आता सांगते. आमच्याकडे ती गोष्ट इतकी सरावाची आहे की तिला कोणी गुन्हा म्हणत नाही. वडील वारल्यावर पहिल्या भाऊबीजेला आक्का माहेरी गेली. पेणजवळ खाडीकाठी त्यांची शेती. ओवाळणीत चांगली साडी मिळाली. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "चल बाय, सातबाऱ्यावर तुझं नाव चढवायचंय." पेणच्या नोंदणी कार्यालयात तिनं नवी साडी नेसून फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. तिचं नाव चढलं नाही. ते कायमचं उतरलं. हक्कसोडपत्र होतं ते.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला तर वाचता येत होतं."

"येत होतं. लाज वाटली. भावासमोर त्यानं दिलेला कागद वाचायचा म्हंजे त्याला चोर म्हनायचं. तसं कोन करतं गो?"

कोणी करत नाही. पदवी घेतलेल्या मुलीही करत नाहीत. भाऊ गाडी बाहेर उभी करून "लवकर कर, साहेब जेवायला जातील" म्हणतो आणि बहीण लवकर करते.

प्रशिक्षणाचे तास न्यायालयाच्या वरच्या दालनात व्हायचे. पोलीस ठाण्यात तक्रार कशी नोंदवतात, घरात मार खाणाऱ्या बाईनं कोणाकडे जायचं, पोटगी, रेशनकार्ड, जन्माची नोंद. कधी आमच्यातल्याच एकाला पक्षकार करून अर्ज लिहायला लावायचे. आक्का पक्षकार झाली की लिहिणाऱ्याचे हाल. "असं नाय झालं, परत लिव्ह," म्हणून ती तीन तीनदा खोडायला लावायची. वारसा कायद्याच्या तासाला मात्र ती गप्प होती. शेवटी हात वर केला. "सही फसवून घेतली असंल तर?"

शिकवणारे वकील म्हणाले, "फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावायला हवा."

"आनि नाय लावला तर?"

"मग फार अवघड आहे, ताई."

तिची तीन वर्षं केव्हाच उलटली होती. दहावी, फॉर्म, बीजगणित, सगळं ज्या दारासाठी, ते दार ती पोचण्याआधीच बंद झालेलं. मला वाटलं, उद्या ही येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी येऊन बसली होती. म्हणाली, "माझं गेलं. त्याचं कुठं गेलंय? तो हाय अजून, त्याची जमीन हाय. कुठंतरी सापडंलच."

ओळखपत्र गळ्यात पडलं आणि आक्का दिवाळीनंतरच्या दिवसांत रोह्याच्या नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसू लागली. नव्या साडीतली बाई दिसली की शेजारी सरकायची. "वाचलंस का गो? मोठ्यानं वाच. मना ऐकू येत नाय." ऐकू तिला भिंतीपलीकडचं यायचं. बाई वाचायला लागली की तिच्या भावांचे चेहरे पाहण्यासारखे होत. काही बायका वाचूनही सही करायच्या. आक्का त्यांना काही बोलायची नाही. "समजून सोडलं तर दान. न समजून सोडलं तर चोरी," एवढंच. एकदा एका भावानं तिला "घरं फोडणारी" म्हटलं. ती म्हणाली, "मी कशाला फोडू? भिंत तुम्हीच बांधलीत, मी नुसती दाखवते."

मग तिचा भाऊ वारला. ती माहेरी गेली नाही. आणि काही महिन्यांनी एका दुपारी तिची वहिनी मुलीला घेऊन वरश्याला तिच्या दारात उभी राहिली. हीच ती वहिनी, जिनं भाऊबीजेची ती साडी पसंत करून आणली होती. आता तिच्या मुलाला जमीन विकायची होती. त्याला आईचा आणि बहिणीचा हक्क सोडवून हवा होता. आईला तो सांगत होता, तुझं नाव चढवतोय.

"वन्सं, मला माफ करा," वहिनी म्हणाली.

"माफी माझ्याकडं मिळत नाय. अर्ज मिळतो. बस, पानी पी."

तिनं मला फोन लावला. "नात्यातली हाय, मना हात लावता येत नाय. हद्द पेनची, केस तुझी. मी फक्त बाकावर बसनार."

मी वहिनीला आणि तिच्या मुलीला सगळं समजावलं. वारस तिघं, हिस्से तीन, सही सक्तीची नाही. वहिनी हो हो म्हणत होती, पण मुलाचा विषय निघाला की पदर तोंडाला लावायची. मुलासमोर कागद वाचायचा म्हणजे मुलाला चोर म्हणायचं. मला भरवसा नव्हता.

ठरल्या दिवशी मुलगा दोघींना घेऊन पेणच्या नोंदणी कार्यालयात आला. समोरच्या बाकावर आत्या बसलेली पाहून त्याचं तोंड उतरलं. आक्का फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं आईपुढे कागद धरला. "इथं कर सही, आई. चल."

वहिनीनं कागद हातात घेतला. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागली. "...माझा हिस्सा मी कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीनं..." तिथं ती थांबली. मुलाकडे पाहिलं.

"ही खुशी कोनाची रे?"

तिनं कागद घडी करून त्याच्या खिशात घातला. मुलगी आईच्या मागं उभी होती, तिनंही नकारार्थी मान हलवली. त्या क्षणी आक्काच्या चेहऱ्यावर जे आलं, तेवढं सुख मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आनंद म्हणा, सूड म्हणा. मला दोन्हींत फरक करावासा वाटत नाही.

मुलानं आक्काविरुद्ध विधी सेवा समितीकडे तक्रार केली. तोवर न्यायाधीश बदलले होते. नव्या साहेबांनी विचारलं, "प्रकरण कोणी पाहिलं?" मी म्हटलं, "मी." "मग यांच्याविरुद्ध तक्रार कशाची?" मुलगा म्हणाला, "ती बाकावर बसून माझ्याकडे बघत होती." साहेब म्हणाले, "बघायला बंदी नाही." विषय तिथंच संपला असता. पण साहेबांनी सहज आक्काला विचारलं, "तुमच्या मनात यांच्याबद्दल द्वेष वगैरे नव्हता ना?"

मी तिच्या पायावर पाय दिला. नाही म्हणायला काय लागत होतं?

"होता, साहेब. हाय." आणि तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या. माझं काम झालं."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकले. तिच्यासारख्या बाईनं बाक सोडायचा आणि "समाजसेवा" म्हणणाऱ्यांनी कार्डं मिरवायची. ती शांतपणे चपला घालत होती. म्हणाली, "रागाव. पन वाया घालवू नको. तो कामाला लाव."

वहिनीनं पुढे तिला आपल्या शेतातले वाल पाठवले. आक्कानं परत पाठवले. गेल्या पावसाळ्यात आक्का गेली, दुपारी पडल्या पडल्या, कोणाला त्रास न देता. वहिनी आली होती, उंबऱ्याबाहेर बसून रडली. आत ये म्हणायला आता आक्का नव्हती, आणि असती तरी म्हणाली नसती.

आठ दिवसांपूर्वी तो मुलगा माझ्याकडे आला. गोड बोलत होता. "ताई, आता आत्या नाही. आईला आणि बहिणीला तुम्हीच जरा समजवा. बहीण तर साधी आहे, तिला कायद्यातलं काय कळतं."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं, की त्याची बहीण यंदाच्या तुकडीत निवडली गेली आहे. वारसा कायद्याचा तास कालच झाला. तो मीच घेतला, आणि जरा सावकाश घेतला.